बेडशाच्या टाक्यात मालवणचा समुद्र

दिवाळी अंक आला की या सदराच्या वाट्याला फोटोग्राफी येते, हे आमच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. पणत्यांचा फोटो कसा काढावा, भुईनळ्यापुढे किती वेळ झडप उघडी ठेवावी, ओवाळताना ताटातले निरांजन हलले तर काय करावे, हे सारे आजवर सांगून झाले. यंदा मात्र आमच्या घरातच असा एक प्रश्न उभा राहिला की, पणत्या नि भुईनळे बाजूला ठेवून मला थेट समुद्राच्या तळाशी जावे लागले. म्हणजे देहाने नव्हे. माझ्या कानाच्या पडद्याचे जुने दुखणे आहे आणि डॉक्टरांनी पाण्याखाली जायला साफ मनाई केली आहे. विहिरीत पोहायला शिकलेला आणि नळी तोंडात धरून पाण्यावर पालथा तरंगणारा, एवढीच माझी जलविद्या. पण भिंगे आणि उजेड यांच्याशी पन्नास वर्षांचा घरोबा आहे. त्या जोरावर हे चार शब्द लिहितो आहे.

झाले असे की, श्रावण संपता संपता धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, तुझ्या भाचीला जरा समजाव. बोनसचे साठवलेले सगळे पैसे पाण्यात घालायला निघाली आहे."

"शेअरबाजार का?" मी विचारले.

"नाही रे! खरोखरच्या पाण्यात!"

भाची हिंजवडीला नोकरी करते. मे महिन्यात मैत्रिणींबरोबर मालवणला गेली होती. तिथे हल्ली पर्यटकांना पाण्याखाली नेतात. पाठीवर हवेची टाकी बांधायची, शिकवणाऱ्याने मागून धरायचे, थोडा वेळ मासे दाखवायचे आणि वर आणायचे. वर आल्यावर तुमची चित्रफीतही हातात मिळते. पोरीने ती मला मोठ्या हौसेने दाखवली. पालकाच्या पातळ भाजीत कुणीतरी हातपाय हलवीत आहे, एवढे मला समजले.

"मामा, हे मी पाहिलेलं नाहीच!" ती म्हणाली. "मी पाहिलं ते फार वेगळं होतं. ते मला वर आणायचं आहे."

हे वाक्य मला आवडले. फोटोग्राफीचा छंद लागतो तो नेहमी याच वाक्याने लागतो. पण मग तिने यादी काढली. मोठा कॅमेरा, त्याची जलाभेद्य पेटी, दोन फ्लॅश आणि तीन भिंगे. त्यांतले एक सत्तर ते दोनशे मिलिमीटरचे झूम! मासे बुजतात, तेव्हा लांबून टिपता यावेत म्हणून! बोनस पुरत नव्हताच, उरलेल्याचे हप्ते. पेटीची किंमत कॅमेऱ्याइतकी, किंबहुना काकणभर अधिक. आणि एवढ्या सगळ्या यादीत पाण्याखाली उतरायला रीतसर शिकण्याचा खर्च कुठेच नव्हता.

समजावणे मला जमत नाही. समजावायला गेले की पोरे हट्टाला पेटतात, आणि त्यांचे बरोबरच असते. मी एवढेच म्हणालो, "रविवारी कॅमेरा घेऊन बेडशाला चल."

"लेण्यांत? अरे मामा, मला समुद्र—"

"समुद्रच दाखवतो. चल तर खरी."

मालवणचे डायव्हिंग पावसाळ्यात बंद असते, तेव्हा तिलाही दुसरा उद्योग नव्हता. सकाळच्या लोकलने कामशेतला उतरलो, पवनानगरच्या वाटेने रिक्षा केली आणि बेडशाच्या पायथ्याशी आलो. पायऱ्या चारएकशे आहेत. भाद्रपदाचे दिवस, डोंगर हिरवागार, धुके अंगाला चाटून जात होते. कार्ल्या-भाज्याला जी जत्रा असते ती इथे नाही, म्हणून मला हे ठिकाण फार वर्षांपासून प्रिय.

बेडशाच्या चैत्यगृहाची एक गंमत आहे. कोरणाऱ्यांनी समोरचा कातळ पुरता काढून टाकलेला नाही. दोन्ही अंगांना कातळाचे प्रचंड तुकडे तसेच ठेवले आणि मधून एक चिंचोळी वाट तेवढी आत नेली. म्हणून बाहेरून लेणे जवळजवळ दिसतच नाही. त्या बोळातून आत जावे, मान वर करावी, आणि मग एकदम ते उंच खांब अंगावर येतात. खाली घट, त्यातून निघालेला अष्टकोनी खांब, वर घंटेसारखे शीर्ष, आणि त्याच्याही वर हत्ती, घोडे नि बैल यांच्यावर बसलेली स्त्रीपुरुषांची जोडपी. दोन हजार वर्षे ती तिथून खाली पाहत आहेत. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याने दान दिले, असा इथे लेख आहे.

चाळीस वर्षांपूर्वी मी इथे पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्यापाशी पन्नास मिलिमीटरचे एकुलते एक भिंग होते. जवळ उभा राहिलो तर चौकटीत एकच खांब मावेना. मागे सरकलो तर बाजूचे कातळ मधे यायला लागले आणि खांबच झाकले गेले. पुढे गेलो तर मावत नाही, मागे गेलो तर दिसत नाही. दिवसभर त्या बोळात मी येरझारा घातल्या आणि रोल संपवून हात हलवीत परत आलो.

भाचीला मी तिथेच उभे केले. "काढ समोरच्या खांबांचा फोटो. तुझं ते झूम आहे ना, ते लाव."

तिच्या मैत्रिणीचे झूम ती मागून घेऊन आली होती. लावले. एका हत्तीचा कान आला. मागे गेली तर कातळाची कड आणि कानाचा तुकडा. मग मी पिशवीतून माझे जुने वीस मिलिमीटरचे भिंग काढून दिले. चार पावले पुढे जाऊन तिने ते रोखले, आणि खांब, घंटा, जोडपी, बाजूच्या भिंतींवर कोरलेली गवाक्षे, सगळे एका चौकटीत येऊन बसले.

"आता एवढंच समज," मी म्हणालो, "की समुद्रात हा मधे येणारा कातळ म्हणजे पाणीच. तू जितकी मागे जाशील तितकं ते मधे येणार."

समुद्राचे पाणी आपल्याला पारदर्शक वाटते, ती आपली समजूत. त्यात गाळ असतो, तरंगणारे सूक्ष्म जीव असतात. आणि नितळातले नितळ पाणीसुद्धा उजेड खातेच. तोही सगळा सारखा खात नाही. आधी तांबडा गिळते. पंधरा-वीस फूट खाली गेले की तांबडा रंग जवळजवळ संपला. मग नारिंगी, मग पिवळा. कपाळावरचे कुंकू तिथे काळपट दिसेल. आणि हे अंतर नुसते उभे मोजायचे नसते. उजेड वरून माशापर्यंत येतो आणि माशावरून तुमच्या भिंगापर्यंत जातो. दोन्ही वाटांवर पाण्याची जकात द्यावी लागते. तुम्ही वीस फूट खोल आहात आणि मासा दहा फूट लांब आहे, तर जकात तीस फुटांची. मग लांबचे भिंग लावून काय मिळणार? मोठा केलेला हिरवा धूर! डोळ्यांमागे मेंदू असतो, तो आठवणीतले रंग भरून घेतो. कॅमेऱ्याला आठवण नसते. भाचीने पाहिले एक आणि चित्रफितीत आले भलतेच, त्याचे कारण हे.

म्हणून पाण्याखाली भिंगे दोनच कामाची. एक अतिशय रुंद कोनाचे, म्हणजे हातभरावर जाऊनही मोठी वस्तू सबंध मावेल असे. आणि दुसरे मॅक्रो, म्हणजे नखाएवढा जीव वीतभर अंतरावरून चौकटभर दिसेल असे. मधली सगळी भिंगे जमिनीवरच्या लग्नमुंजीसाठी ठेवावीत.

फ्लॅशचा धडा मला शिकवावा लागला नाही, धुक्यानेच शिकवला. बोळात ढग शिरला आणि अंधारले, म्हणून भाचीने कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश उडवला. फोटोत खांब नाहीच. नुसता पांढऱ्या ठिपक्यांचा सडा. भिंगालगतचा फ्लॅश आधी मधल्या थेंबांवर पडतो आणि तेच लखलखून परत येतात. मी वायरीने जोडलेला सुटा फ्लॅश तिच्या हातात दिला आणि हात लांब, बाजूला धरायला सांगितले. आता उजेड तिरपा गेला. भिंगासमोरचे थेंब अंधारात राहिले आणि खांब उजळला. पाण्याखालच्या कॅमेऱ्यांना खेकड्याच्या नांग्यांसारखे दोन हात का असतात, हे तिला तिथे कळले. तिने यादीत फ्लॅश दोन लिहिले होते, पण ते लांब धरणारे हात लिहिले नव्हते.

मग आम्ही चैत्यात शिरलो. आत मिणमिणता उजेड. कधी काळी इथे रंगवलेली चित्रे होती. एकोणिसाव्या शतकात साफसफाईच्या आणि सफेदीच्या उत्साहात ती गेली. एखादी जागा नीट दिसावी म्हणून माणसे काय काय पुसून टाकतात! असो. पुरातत्त्व खात्याच्या जागेत ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी काढावी लागते. ती आम्ही काढली नव्हती. तेव्हा मी माझी जुनी युक्ती सांगितली. "खांबाला खांदा टेकव, कोपरं पोटाशी घे, श्वास रोख आणि हळूच बटण दाब."

ती एकदम म्हणाली, "मामा, तिथे हे चालणार नाही."

"काय?"

"श्वास रोखणं. खाली जाताना त्यांनी पहिली गोष्ट हीच सांगितली. काहीही झालं तरी श्वास रोखायचा नाही."

पोर बरोबर बोलत होती, आणि मी आयुष्यभराच्या सवयीने तिला भलतेच शिकवीत होतो. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे टाकीतून छातीभर हवा घेतली आणि ती कोंडून माणूस वर आला, तर तीच हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. फुफ्फुस काही फुगा नव्हे, फाटते. जीव जातो. शिवाय श्वास घेतला की अंग वर उचलले जाते, सोडला की खाली बसते. पाण्याखाली माणूस स्वतःला श्वासानेच तोलतो. फोटोसाठी श्वास धरणारा नवशिका नकळत वर तरंगू लागतो, आणि तेही छाती भरलेली असताना. मला जरा थंडी वाजली. ती धुक्याची नव्हती.

माझ्या युक्तीची तिथे गरजही नसते म्हणा. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या इतक्या लहान अंशात संपतो की, हात किंचित हलला तरी चित्र हलत नाही. पण तेव्हापासून भिंगांपेक्षा मोठा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. रुंद भिंग म्हणते, जवळ जा. मॅक्रो म्हणते, आणखी जवळ जा. आणि जवळ काय असते? मालवणला प्रवाळ असते.

सिंधुदुर्गाच्या आसपासचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्या खडकांवरचे प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, सजीवांची वसाहत आहे, आणि ती वाढते फार सावकाश. ज्याला पाण्यात अधांतरी स्थिर राहता येत नाही असा मनुष्य हातात कॅमेरा घेऊन तिथे गेला की, तो आधारासाठी हात टेकतो, गुडघा टेकतो, त्याच्या पायांची वल्ही मागे काय मोडताहेत ते त्याला दिसत नाही. कारण त्याचा डोळा पडद्यावर असतो. चांगले भिंग घेतलेला नवशिका हा वाईट भिंग घेतलेल्यापेक्षा अधिक नुकसान करतो, कारण तो अधिक जवळ जातो. बिस्किटे चारून मासे गोळा करायचे आणि मग फोटो काढायचे, अशीही एक रीत काही ठिकाणी दिसते. देवळापुढच्या कबुतरांसारखे मासे हवे असतील तर मत्स्यालयात जावे. तिथे काचही स्वच्छ असते.

लेण्यांच्या बाजूला पाण्याची टाकी कोरलेली आहेत. त्यांतल्या एका टाक्यावर ब्राह्मी लेख आहे. महाभोजाची मुलगी आणि आपदेवणकाची पत्नी, सामडिनिका नावाच्या महारठिणीने ते दान दिल्याची त्यात नोंद आहे. डोंगर चढून आलेल्याला पाणी मिळावे म्हणून त्या बाईने पैसा खर्च केला. तिच्या टाक्याचा आम्ही प्रकाशशास्त्रासाठी उपयोग केला याबद्दल ती रागावणार नाही, अशी आशा आहे.

बाजूच्या एका उथळ, पावसाने भरलेल्या खळग्यापाशी आम्ही बसलो. "खोल किती वाटतं?" मी विचारले. सरळ वरून वाकून पाहत ती म्हणाली, "तीन विती." मी काठी टेकवली. ओली झाली ती चार विती.

पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना किरण वाकतात. त्यामुळे पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर आहे असे डोळ्याला वाटते. कॅमेऱ्यालाही तसेच. पेटीची खिडकी सपाट काचेची असली तर तुमचे भिंग एक-तृतीयांशाने लांबचे होऊन बसते. २८ मिलिमीटरचे भिंग ३७ चे काम करते. जे रुंदपण पैसे मोजून विकत घेतले, ते खिडकीतच खर्ची पडले. शिवाय कडांना रंगीत झालर लागते, ती वेगळी. म्हणून रुंद भिंगासाठी घुमटासारखी गोल काच लावतात. किरण तिच्यातून सरळ आत येतात आणि कोन जसाच्या तसा राहतो. पण घुमटाचीही एक खोड आहे. घुमट आणि पाणी मिळून स्वतःच एक भिंग बनते, आणि लांबचा खडकसुद्धा जणू काचेच्या पुढे अगदी जवळ उभा आहे असे आतल्या भिंगाला दिसते. घुमटाची त्रिज्या दहा सेंटिमीटर असेल तर हे अंतर अवघे तीसएक सेंटिमीटर, म्हणजे फूटभर. तेव्हा आतले भिंग फूटभरावर नजर ठरवू शकणारे हवे. नाहीतर हजारोंचा घुमट लावून सगळे धूसर! कोपरे स्वच्छ यावेत म्हणून छिद्रही लहान ठेवावे लागते. एफ ८, एफ ११ च्या पुढेच. छिद्र लहान म्हणजे उजेड कमी, म्हणजे पुन्हा फ्लॅश. मॅक्रोला मात्र सपाट काच उत्तम. ती थोडे मोठे करते, हे तिथे फायद्याचेच.

पायरीवर बसून थालीपिठाचा डबा उघडला. भाची गप्प होती. यादी तिच्या मांडीवर पडली होती, तिच्यावर लोणच्याचा डाग पडला. मला वाटले, आपण पोरीचा हिरमोड केला. म्हणून तिला मी लुई बुताँची गोष्ट सांगितली.

हा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ. १८९३ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स इथे, वरून हवा पुरवणारा जड पोशाख चढवून हा पाण्याखाली फोटो काढीत होता. कॅमेऱ्याची पेटी त्याच्या भावाने, ऑग्युस्तने, बेतून दिलेली. नैसर्गिक उजेडात एकेका फोटोला अर्धा अर्धा तास लागे! समुद्राच्या तळाशी अर्धा तास! मग त्याने फ्लॅश केला. तो म्हणजे प्राणवायू भरलेले एक लाकडी पिंप, त्यावर काचेखाली स्पिरिटचा दिवा, आणि त्या ज्योतीवर फुंकायची मॅग्नेशियमची पूड. तिकडे मासे बिचारे काय म्हणाले असतील!

पुढे कूस्तोच्या 'कॅलिप्सो' जहाजाचे नाव घेतलेला एक सुटसुटीत कॅमेरा निघाला. त्याला वेगळी पेटीच नव्हती. तो जात्याच पाण्यात बुडणारा. जाँ द वूतेर्स या बेल्जियन अभियंत्याने त्याची आखणी केली. निकॉनने तोच १९६३ साली 'निकॉनॉस' म्हणून आणला, आणि २००१ पर्यंत ते घराणे चालले. त्याचे १५ मिलिमीटरचे भिंग तर केवळ पाण्यासाठीच घडवलेले. जमिनीवर ते निरुपयोगी, पण पाण्यात ९४ अंशांचा कोन. त्या वेळी चांगले चांगले छायाचित्रकार त्या एका भिंगावर जीव टाकीत. कारण तेच; त्याने हातभरावर जाता येई.

"म्हणजे कॅमेरा शेवटी," भाची म्हणाली.

"शेवटी."

तिने पेन काढले. झूम खोडले. मोठा कॅमेराही खोडला. मी थांबवले नाही, पण कारण विचारले. ती म्हणाली, "मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग पाण्याखाली बदलता येत नाही ना? होडीतच ठरवायचं. मी रुंद लावून जाणार आणि समोर नखाएवढं काहीतरी येणार." अगदी खरे. लहान कॅमेऱ्याच्या पेटीवर बाहेरून फिरवून बसवायची भिंगे मिळतात. त्यांना ओली भिंगे म्हणतात. पाण्यातच चढवायची, पाण्यातच काढायची. कॅमेरा असा निवडावा की, ज्याच्या पेटीला असे आटे असतील आणि ज्याला प्रक्रिया न केलेले कच्चे चित्र साठवता येईल. म्हणजे घरी येऊन रंग थोडे सावरता येतात. मालवणसाठी आधी जवळचे भिंग घ्यावे. तिथले पाणी अंदमान-लक्षद्वीपसारखे काचेसारखे नसते. पण चार इंचांत गाळ तो किती मावणार? रुंद भिंग पुढच्या वर्षी. फ्लॅश एकच, पण लांब हातावर. लाल काचेची एक गाळणी मिळते, ती उथळ पाण्यात दिवसाउजेडी बरी; खोल गेल्यावर लालच उरलेला नसतो, तर गाळणी आणणार कुठून?

आणि यादीच्या माथ्यावर तिने लिहिले, डायव्हिंगचा अभ्यासक्रम. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची शिकवणारी संस्था आहे, इतरत्रही सोय आहे. प्राथमिक अभ्यासक्रमानंतर अठरा मीटरपर्यंत उतरण्याची मुभा मिळते. दुसऱ्या ओळीवर स्वतःचा मास्क. तो उसना घेऊ नये, चेहऱ्याचा साचा ज्याचा त्याचा असतो. शिकताना कॅमेरा न्यायचाच नाही. पुढच्या दहाएक फेऱ्याही रिकाम्या हाताने. गुडघा कुठेही न टेकता, हात न मारता, एका जागी मिनिटभर राहता आले की मग कॅमेरा. हे दहा मी माझ्या अंदाजाने सांगितले. तिथले शिक्षक वीस म्हणाले तर वीस.

पेटीबद्दल एक गोष्ट राहिली, ती मी उतरताना सांगितली, कारण ती माझ्या फजितीची आहे. काही वर्षांपूर्वी मालवणलाच, पाण्यावर तरंगत फोटो काढण्यासाठी, मी एक पेटी नेली होती. वाळूत बसून उघडली, वाळूत बसून मिटली. तीन फूट पाण्यात कॅमेरा बुडाला तो कायमचा. दोष पेटीचा नव्हता, माझाच. पेटीच्या झाकणात रबराची एक गोल कडी असते, ओ-रिंग. ती म्हणजे आपल्या कुकरचे रबर. भाताचे एक शीत त्यावर चिकटले की कुकर कसा फुसफुसतो, हे घरातल्या बायकांना सांगायला नको. इथे शिताऐवजी वाळूचा कण किंवा डोक्याचा एक केस पुरतो. दहा मीटरवर पोस्टकार्डाएवढ्या काचेवर सव्वाशे किलोंच्या आसपास जादा भार असतो. तो भार झाकण उलट घट्ट दाबतो, म्हणून पेट्या पुष्कळदा खोलवर नव्हे, तर उथळ पाण्यातच दगा देतात. ओ-रिंग आदल्या रात्री, पंखा बंद करून, दिव्याखाली बोटाने चाचपून बसवावी. आधी रिकामी पेटी पाण्यात बुडवून पाहावी. आणि वर आल्याबरोबर गोड्या पाण्याच्या बादलीत भिजत ठेवावी. खारे पाणी वाळले की बटणांच्या सांध्यांत मीठ धरते.

कामशेतला लोकलची वाट पाहताना बहिणीचा फोन आला. "समजावलंस का रे?"

"समजावलं."

"म्हणजे जात नाही ना?"

"जाते आहे. पाच दिवसांचं शिकायला. कॅमेरा मात्र घेत नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "म्हणजे निदान चार माणसं किनाऱ्यावरून पाहतील असं फोटोबिटो काढणं तरी होतं. आता नुसतीच बुडायला पाठवतोस होय?"

तिला मी दाब, फुफ्फुसे आणि शिक्षणाचे महत्त्व हे सारे सांगितले. किती पटले ते तिचे तिला माहीत. गेल्या आठवड्यात मात्र निरोप आला की, यंदाच्या भाऊबिजेला साडी नको, पाकीट नको; ओवाळणी एकच हवी. पोरगी तारकर्लीला जाईल तेव्हा दादाने बरोबर जायचे आणि ती वर येईपर्यंत होडीतून हलायचे नाही.

तेव्हा भाऊबिजेनंतरच्या आठवड्यात मी मालवणला आहे. भाची म्हणते, "मामा, होडीत तुला उलट्या होतील." होतील. टोपी, लिंबू आणि आल्याच्या वड्या घेतल्या आहेत. आणि कॅमेरा नसला तरी मास्क धुवायला लागेल म्हणून गोड्या पाण्यासाठी एक झाकणाची बादली.